थेंबाचा मुकुट आणि माझा झोल

शुक्रवारची रात्र, अकरा वाजून गेलेत. आख्खं पुणं कुठे ना कुठे हादडायला बाहेर पडलंय आणि मी आमच्या किचनमध्ये, मिट्ट काळोखात, ओट्यासमोर गुडघ्यांवर बसलोय. डाव्या हातात कॅमेऱ्याचा रिमोट, उजव्या हाताचा अंगठा फ्लॅशच्या बटणावर. वर कपाटाच्या हँडलला सलाइनचा सेट लटकवलाय आणि त्यातून दुधाचे थेंब खालच्या काळ्या ट्रेमध्ये पडतायत. टप्. टप्. टप्. मी तबलजीसारखी मान हलवत मात्रा मोजतोय. आता सम येणार. शटर उघडलं, फ्लॅश उडणार, तेवढ्यात... खट्ट! ट्यूबलाइट.

"पाणी प्यायला आले होते," आई म्हणते. मग तिची नजर ट्रेकडे जाते. "अजून किती दूध घालवणार आहेस?"

मंडळी, कुणाला विकेंडला सिंहगड चढायचा किडा असतो, कुणाला बुलेट काढून लडाख गाठायचा. मला थेंब पडताना पकडायचा किडा आहे. थेंब दुधाच्या पातळ थरावर आपटला की क्षणभर एक मुकुट उभा राहतो, बारीक कळ्यांचा, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत मोडूनही जातो. तो मुकुट मला हवा होता. पुढची हकिगत त्याच मुकुटाची आहे आणि त्यात मी एक झोल केला, त्याचीही.

तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणारच. लाल बॅकग्राउंड, पांढऱ्याशुभ्र दुधाचा मुकुट, टोकाटोकांवर मोत्यासारखे थेंब. हॅरॉल्ड एजर्टन या माणसानं तो १९५७ साली काढला. हा अमेरिकेतल्या एमआयटीमधला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा प्रोफेसर, फोटोग्राफर वगैरे नाही. गरागरा फिरणारी मशिन्स स्थिर दिसावीत म्हणून तो लखलखणाऱ्या दिव्यांवर काम करत होता आणि त्या नादात १९३०च्या दशकातच दुधाच्या थेंबामागे लागला. त्याचा आधीचा एक ब्लॅक अँड व्हाइट थेंब तर १९३७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रदर्शनात लागला होता. तरी गडी थांबला नाही. वीस वर्षं एकच थेंब! आमच्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपला की लोक लांब चेहऱ्यानं कॉफी मशिनपाशी सापडतात.

सुरुवातीला मला वाटलं, यात काय एवढं? शटर स्पीड वाढवा, बटण दाबा, विषय संपला. थेंब दीड फुटावरून सोडला तर खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर असतो, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर. लक्ष्मी रोडवरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकपेक्षा बरा. माझ्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जातं. पण हिशेब करून बघा, तेवढ्या वेळातही थेंब पाऊण मिलिमीटर सरकतो. थेंबच मुळात चार-पाच मिलिमीटरचा, त्यामुळे फोटोत त्याला शेपूट फुटणारच. वर तेवढ्याशा वेळात फोटो उजळायला उजेडही बक्कळ लागतो. म्हणून मी मांडववाल्याकडून पाचशे वॉटचा हॅलोजन आणला. पंधरा मिनिटांत किचनचा भट्टीखाना झाला, मी घामानं निथळत होतो, ट्रेमधल्या दुधाला कडेनं साय धरायला लागली आणि फोटो तरीही काळाकुट्ट. थेंब सायीवर पडून नुसता डुगडुगला. त्या दिवशी बायकोनं मला किचनमधून हद्दपार केलं, ते योग्यच होतं.

खरा फंडा कळायला वेळ लागला, पण कळला तेव्हा जाम भारी वाटलं. थेंब शटर थांबवतच नाही, उजेड थांबवतो. खोलीत मिट्ट अंधार करायचा आणि शटर बिनधास्त एक सेकंद उघडं ठेवायचं. अंधारात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. त्या सेकंदात कधीतरी फ्लॅश एकदाच लखलखतो आणि तो लखलखाट जेवढा वेळ टिकतो तेवढाच वेळ फोटोत उतरतो. थोडक्यात, तुमचा खरा शटर स्पीड म्हणजे फ्लॅशचं आयुष्य. म्हणून तर आईच्या ट्यूबलाइटनं घात केला.

मग मी फुल पॉवरवर फ्लॅश मारला. म्हटलं, जेवढा जोर जास्त तेवढा फोटो कडक. छे! थेंब परत शेपटीवाला. इथे डोक्याला खरा शॉट बसला. माझ्याकडे निकॉनचा जुना, सेकंडहँड एसबी-८०० फ्लॅश आहे. त्याच्या माहितीपुस्तकात मागच्या पानांत एक तक्ता आहे, जो माझ्यासारखा माणूस कधीच वाचत नाही. फुल पॉवरला हा फ्लॅश सेकंदाच्या १,०५०व्या भागाइतका वेळ जळतो. आणि सगळ्यात कमी, म्हणजे १/१२८ पॉवरला? सेकंदाचा ४१,६००वा भाग! हे फ्लॅश जोर कमी करतात म्हणजे मिणमिणतात, असं नसतंच. ते तितक्याच झोकात पेटतात, फक्त लवकर विझतात. फुल पॉवरला माझा थेंब जवळजवळ तीन मिलिमीटर सरकत होता. सगळ्यात कमी पॉवरला तो केसाच्या जाडीइतकाच हलतो. म्हणजे फोटो धारदार हवा असेल तर उजेड वाढवायचा नाही, कमी करायचा. मी ते पान वाचून ओट्यावर दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

पण सगळेच दिवे असे नसतात बरं का. एका मित्राचा मोठा स्टुडिओ लाइट मी कौतुकानं उचलून आणला, तर त्याचं बरोबर उलटं. बऱ्याच जुन्या स्टुडिओ लाइट्सचा जोर कमी केला की त्यांचा लखलखाट उलट लांबत जातो. चार मजले तो धूड वर चढवला आणि निकाल काय, तर माझ्या खिशात मावणारा फ्लॅश त्याच्यापेक्षा सरस. मित्राला मी हे सांगितलं नाही. त्यानं तो हप्त्यावर घेतलाय.

आता कमी पॉवर म्हणजे कमी उजेड, मग फोटो अंधारा. यावर उपाय साधा आहे, फ्लॅश जवळ आणायचा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. त्यामुळे माझा फ्लॅश आता ट्रेपासून वीतभर अंतरावर, भाजीच्या पारदर्शक पिशवीत गुंडाळून बसलेला असतो. दुधाचे शिंतोडे उडून तो एकदा बंद पडला होता, तेव्हापासूनची ही पिशवी.

इथपर्यंत थेंब थांबला होता, पण फोटो अजून बघवत नव्हता. कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून समोरून मारला, तर मुकुट सपाट, चकचकीत, इडलीचं पीठ सांडल्यासारखा. सगळं पांढरं, त्यात आकारच नाही. मग फ्लॅश डावीकडे नेला. अर्धा मुकुट उजळ, अर्धा गायब, मागे सावली दांडगी. समोर, बाजूला, वरून असे तीन विकेंड गेले. (वरून मारला तेव्हा थेंबाची सावली नेमकी मुकुटावर पडली. कुणी सांगितलं होतं वरून मारायला!)

शेवटी एका रात्री फ्लॅश मागच्या बाजूला, डावीकडे तिरका ठेवला आणि मध्ये बटर पेपर धरला. आईच्या नानकटाईचा. आणि बॉस, काय सांगू! मुकुटाची भिंत अगदी पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार आला. दूध नुसतं पांढरं नसतंच मुळी. जाड ठिकाणी ते घट्ट पांढरं, पातळ ठिकाणी दिव्याच्या काचेसारखं उजळतं. कळ्यांच्या कडा पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. फक्त समोरची बाजू करडी पडत होती, तर तिथे एका लग्नपत्रिकेची पांढरी, कोरी बाजू टेकवून ठेवली. मागून आलेला उजेड त्या पत्रिकेवर आपटून हळूच पुढच्या बाजूला पोचला. नवरा-नवरी कोण होते आता आठवत नाही, पण त्यांचे उपकार आहेत.

पाण्याचं तर याहून वेगळं नाटक. दुधासारखा उजेड पाण्यावर पडला तर पाण्याचा फोटो येतच नाही, फक्त फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके येतात. पाणी स्वतःचं काही दाखवत नाही, ते मागचं दाखवतं. मागे पांढरा पडदा लावून तोच उजळवला तर पाण्याच्या कडा काळ्या, शाईनं काढल्यासारख्या येतात. पडद्याच्या मधोमध काळा कागद चिकटवून फक्त कडेनं उजेड येऊ दिला तर सगळं उलटं होतं, अंधारात कडा चांदीसारख्या चमकतात. थेंब हे एक छोटं भिंगच असतं. मखरासाठी आणलेला लाल-निळा जिलेटिन कागद मी मागे अर्धा-अर्धा लावला, लाल वर, निळा खाली. लोंबत्या थेंबात निळा वर, लाल खाली! हा फोटो मी आईला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. आता तो कागद परत मखराच्या पिशवीत ठेव."

दूधवाटपाचाही तोडगा निघाला. घरात अन्न सांडायचं नाही, ही आईची शिस्त, आणि ती बरोबर आहे हे मलाही कळतं. म्हणून सरावाला पाण्यात पांढरा पोस्टर कलर आणि किंचित ग्लिसरीन. दूध फक्त शेवटच्या दहा मिनिटांना. सलाइनचा सेट आणायला गेलो तेव्हा मेडिकलवाल्यानं आस्थेनं विचारलं होतं, "पेशंट घरीच आहे का?" मी म्हटलं, हो, मीच.

तर एवढी सगळी प्रकाशयोजना जमली, तरी मुकुट काही एजर्टनसारखा येईना. टप् ऐकून बटण दाबलं तर उशीर झालेला असतो, कारण आपला अंगठा हलेपर्यंत खेळ खल्लास. म्हणून तालावर, अंदाजानं दाबायचं. शंभरात चार-पाच वेळा मुकुट सापडायचा आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी खोट. एक बाजू सुरेख, दुसरी मोडलेली. इथे दोन कळ्या एकमेकींना चिकटल्या, तिथे एक थेंब सुटून पळालेला. मला वाटायचं, ट्रे वाकडा असेल, नळी हलत असेल, दूध जाड असेल. चूक माझीच आहे हे मी धरूनच चाललो होतो.

आणि मग ऑफिसात फोटो स्पर्धा जाहीर झाली. विषय, 'एक क्षण'. नियम एका ओळीचा होता, फोटो कापा, रंग-उजेड थोडा वरखाली करा, बाकी काही करायचं नाही. पहिलं बक्षीस पाच हजारांचं व्हाउचर आणि कँटीनच्या भिंतीवर मोठी प्रिंट.

शेवटच्या रात्री माझ्याकडे एक फोटो होता. डावी बाजू निव्वळ स्वप्न. कळी अन् कळी वेगळी, कडांवर मागच्या फ्लॅशची ती पेटलेली रेघ. उजवी बाजू मात्र बसकी, फाटलेली. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग डावी बाजू कॉपी केली, आरशातल्यासारखी उलटी केली आणि उजव्या बाजूवर बसवली. मधला सांधा पुसला. वीस मिनिटांचं काम. मनाला सांगितलं की एवढे विकेंड घातलेत, थेंब माझाच, उजेड माझाच, नुसती दुसरी बाजू तेवढी नीट केली.

पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या, केक, फोटोसोबत फोटो. व्हाउचरचा मी ट्रायपॉड घेतला.

नंतर महिन्याभरानं टीममधली एक मुलगी माझ्या डेस्कपाशी आली. बार्शीची, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण ही मला अजून 'सर'च म्हणते. ती म्हणाली, "सर, तुमचा तो दुधाचा फोटो. मी पण करून बघतीय. पण एक विचारायचं होतं. त्यात लाइट दोन होते ना?"

"का?"

"नाही, दोन्ही बाजूच्या कडा सारख्याच चमकतायत. डावीकडून एकच असता तर उजवीकडे असं आलं नसतं. बरोबर ना?"

एवढ्या शेपाचशे लोकांनी तो फोटो जेवता जेवता पाहिला होता, परीक्षकांनी झूम करून पाहिला होता. पण उजेड कुठून आला हे बघायचं फक्त हिला सुचलं. फ्लॅश डावीकडे, एकच. मी अर्धा मुकुट उलटा करून चिकटवला तेव्हा उजेडही उलटा होऊन उजवीकडे चिकटला, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "हो... म्हणजे, तसंच काहीसं."

तीन आठवडे गेले. अधूनमधून ती दिसायची, डोळ्यांखाली काळं. पीजीच्या बाथरूममध्ये उलट्या बादलीवर स्टीलचं ताट मांडून शूट करते, रूममेट्स दार वाजवतात, म्हणून रात्री एकनंतरच जमतं, असं कळलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

मग एका दुपारी ती कँटीनमध्ये लॅपटॉप घेऊन समोर बसली. बरोबर माझ्या फोटोखाली.

"सर, माझा मुकुट एका बाजूनं मोडतोयच ओ. सहाशे फोटो झाले. ताट लेव्हलला आहे, मी पाणी ओतून बघितलं. म्हणून मग वाचायला घेतलं, की हे होतं का. एक जुनं पुस्तक मिळालं, वर्दिंग्टन म्हणून एक साहेब होते."

आर्थर वर्दिंग्टन हे नाव मी ऐकलं होतं, कारण थेंब खोल पाण्यात पडल्यावर मधून जो खांब उसळतो त्याला त्याचं नाव आहे. बाकी मला शून्य माहिती. तिनं जे सांगितलं आणि मी नंतर वाचलं, ते असं. हा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ, पुढे डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायचा. १८७५च्या सुमारास त्यानं थेंबांचा नाद धरला. तेव्हा एवढा झटपट फोटो काढणं शक्यच नव्हतं. म्हणून तो अंधाऱ्या खोलीत पारा नाहीतर दुधाचा थेंब सोडायचा, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी उडवायचा आणि डोळ्यांत जे ठसलं ते लगेच कागदावर काढायचा. मग ठिणगी जरा उशिरा, पुढचं चित्र. अजून उशिरा, त्याच्या पुढचं. अशी वर्षानुवर्षं. त्याची चित्रं छापून आली, काय सुबक! प्रत्येक मुकुट रांगोळीसारखा चहूबाजूंनी सारखा.

१८९४ साली त्याला अखेर ठिणगीच्या उजेडात थेंबाचे फोटो मिळाले. फोटोतला एकही मुकुट सारखा नव्हता. वाकडे, तुटके, एकीकडे झुकलेले. मग त्यानं आपल्या जुन्या वह्या काढल्या, तर वाकडीतिकडी चित्रं त्यातही होती. ती त्यानं स्वतःच काढली होती आणि स्वतःच बाजूला ठेवली होती. थेंब मुळात सारखाच पडणार, वाकडेपणा म्हणजे त्या वेळची काहीतरी गडबड, असं तो धरून चालला होता. जवळपास वीस वर्षं. १९०८ साली त्यानं 'अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस' हे पुस्तक काढलं, ते फोटोंनीच भरलेलं आहे.

"त्यात कारणही आहे सर. कडेवर पाण्याचा ताण असतो, ती लाटेसारखी होऊन तुटायला बघते. कुठं आधी तुटेल ते ठरलेलं नसतं. म्हणजे हे आपल्या हातात नाहीच." मग तिनं मान वर करून भिंतीवरच्या प्रिंटकडे पाहिलं. "फक्त तुमचा कसा आला, तेवढं कळत नाही. लाइटमुळे असेल का? मी दुसरा फ्लॅश पण घेतला."

माझ्या हातातला वडापाव तसाच राहिला. "दुसरा फ्लॅश घेतलास?"

"साडेचार हजारांना. साधाच आहे. तुमच्यात दोन होते ना, म्हणून."

मी सांगून टाकलं. डावी बाजू, आरसा, सांधा, सगळं. तिनं मध्ये एक शब्द बोलला नाही. मोबाइलवर मूळ फोटो होता, तोही दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून उजव्या फाटक्या बाजूकडे खूप वेळ पाहिलं.

"म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"तीन आठवडे, सर," एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप मिटून गेली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी स्पर्धेवाल्यांना मेल टाकला. काय केलं ते लिहिलं, पाच हजार परत करतो म्हटलं, मूळ फोटो जोडला. चार दिवसांनी उत्तर आलं की प्रामाणिकपणाबद्दल आभार, विषय मिटलेला आहे, अकाउंट्समध्ये व्हाउचर परत घ्यायची सोय नाही. प्रिंट अजून तिथेच आहे, मायक्रोवेव्हच्या शेजारी. मी हल्ली पाठ करून जेवतो. तिच्या फ्लॅशचे पैसे देऊ केले तर म्हणाली, "राहू दे, आता आहे तर वापरू." पण नंतर दोन आठवडे कामापलीकडे एक वाक्य नाही.

मग मीच एका शनिवारी विचारलं, घरी ये, ओटा मोठा आहे, दार कुणी वाजवत नाही. (आईचं मी बघेन.) ती आली. एका हातात फ्लॅश, दुसऱ्या हातात बार्शीहून आलेला चिवडा, तो थेट आईकडे. दहा मिनिटांत दोघींची अशी गट्टी जमली की दूध सांडण्याचा विषयच निघाला नाही.

तिचे सहाशे फोटो मी त्या दिवशी नीट पाहिले. फ्लॅश स्वस्तातला, ताट स्टीलचं, त्यामुळे उजेडाचे तुकडे सगळीकडे उडालेले. पण मुकुट! एक डावीकडे झुकलेला, वाऱ्यानं फेटा कलल्यासारखा. एकाच्या तीन कळ्या मिळून एक मोठी झालेली. एकात पहिल्या थेंबाचा खांब वर उसळलाय आणि दुसरा थेंब नेमका त्याच्या डोक्यावर आपटून छत्री उघडलीय. हा तर मला आजवर एकदाही मिळालेला नाही. तिला वाटत होतं, हे सगळे बिघडलेले आहेत. माझ्या भिंतीवरच्या फोटोशी ताडून बघत होती ना.

"सर, एक करून बघायचं?" ती म्हणाली. "ट्रे काढा. काचेचं काही आहे?"

बायकोनं केकचं काचेचं भांडं दिलं, का ते विचारता. विटांऐवजी चार पुस्तकांवर ते ठेवलं आणि तिनं तो साडेचार हजारांचा दुसरा फ्लॅश भांड्याखाली सरकवला, तोंड वर करून. वर बटर पेपर. मी मागून, बाजूनं, समोरून, वरून, सगळीकडून उजेड मारला होता. खालून मारायचं मला कधीच सुचलं नव्हतं. काळ्या ट्रेवर ते शक्यच नव्हतं म्हणा.

पहिल्या वीसात काही नाही. नुसतं उजळलेलं दूध. मग थर पातळ केला, दोन चमचे काढून टाकलं, माझा मागचा फ्लॅश बंद करून टाकला. पंचविसाव्याला स्क्रीनवर काहीतरी दिसलं. मुकुट उजवीकडे सपशेल बसलेला, डावीकडे दोन कळ्या उंच गेलेल्या, आणि उजेड मुळापासून वर चढत गेलेला, समईच्या वातीसारखा. एक थेंब फ्रेमच्या बाहेर निघालाय, तो अर्धाच आलाय.

"हा पुसायचा नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"नाही."

आई मागे उभी होती. तिनं चष्मा कपाळावर घेतला, वाकून पाहिलं. "हे दूधच आहे का?"

"पोस्टर कलर आहे हो आई. दूध शेवटी."

"मग शेवटचं कधी करणार? गॅसवर आहे, ऊतू जाईल."

आम्ही वाटीभर मागून घेतलं आणि फॅनखाली गार करून सलाइनच्या बाटलीत ओतलं. तिनं नळीचं चाक फिरवून ताल बसवला. टप्. टप्. टप्. या वेळी फ्लॅशचं बटण तिच्याकडे होतं, माझ्याकडे फक्त शटर.

"आई, लाइट," ती म्हणाली. आईनं ट्यूबलाइट बंद केली आणि बटणापाशी राखण करत तिथेच उभी राहिली.